ईमेलची यादी, कमांड-लाइनवरील

ईमेलच्या एखाद्या फोल्डरात साठलेल्या पत्रांचा, ती पत्रे न उघडता, टर्मिनलवर आज्ञा लिहून काढलेला एकेका ओळीचा तपशील. प्रत्येक ओळीत सामान्यतः पत्राचा क्रमांक, ते वाचले की नाही हे सांगणारी खूण, तारीख, प्रेषकाचे नाव आणि विषय एवढेच जिन्नस असतात, व ते सर्व पत्राच्या शीर्षभागातून घेतलेले असल्यामुळे मूळ मजकुराला हात लावण्याचे कारण पडत नाही. जिल्हा कचेरीतील बारनिशीचा कारकून आवक कागदाचा क्रमांक, दिनांक, पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय टिपून कागद संबंधित शाखेकडे रवाना करतो, त्याच जातीची ही फेरिस्त होय. भेद इतकाच की, बारनिशीतील नोंद एकदा झाली म्हणजे ती कायमची होते. ही यादी मात्र आज्ञा दिली की त्या क्षणी नव्याने तयार होते आणि पडद्यावरून सरकली की नाहीशी होते. तिचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एका भेदातून उद्भवतात.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठवले, तेव्हा यादीची कल्पना कोणाच्या मनात नव्हती. आलेली सर्व पत्रे एका लांबलचक फाइलीत जमत आणि ती फाइल आरंभापासून अखेरपर्यंत छापून काढावी लागे. पुढच्याच वर्षी लॅरी रॉबर्ट्स यांनी ‘आरडी’ नावाची आज्ञावली रचून पत्रांची यादी पाहण्याची आणि त्यातील हवे तेवढेच वाचण्याची सोय केली. ईमेलच्या इतिहासात पत्र पाठवण्याच्या शोधाचे जेवढे कौतुक झाले तेवढे या सोयीचे झालेले नाही. वस्तुतः रोजच्या व्यवहारात ईमेल वापरण्याजोगी झाली ती या सोयीमुळे. १९७८ च्या सुमारास बर्कली येथे कर्ट शोन्स यांनी लिहिलेल्या ‘मेल’ या कार्यक्रमात ‘एच’ हे एकच अक्षर दाबले की शीर्षांची यादी दिसे. रँड संस्थेत ब्रूस बोर्डन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलेल्या ‘एमएच’ची पद्धत निराळी होती. तीत प्रत्येक पत्र म्हणजे क्रमांक दिलेली स्वतंत्र फाइल, प्रत्येक फोल्डर म्हणजे साधी डिरेक्टरी, आणि यादीसाठी ‘स्कॅन’ ही थेट शेलवर द्यावयाची आज्ञा. त्यामुळे यादी दुसऱ्या आज्ञेच्या हवाली करून तीतून हव्या त्या ओळी निवडून घेता येत. ही रचना इतकी टिकाऊ ठरली की तिचा वंशज ‘एनएमएच’ आजही वापरात आहे.

महाराष्ट्रात या विद्येचा प्रवेश मुंबईच्या जुहू भागातील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच ‘एनसीएसटी’, आणि पवईची आयआयटी या संस्थांमधून झाला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शिक्षण-संशोधन जाळ्याच्या योजनेत या दोन्ही संस्था सहभागी होत्या. सर्वसाधारण नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेतून. त्या सेवेतील स्वस्त ‘शेल’ खाते चित्रविरहित, केवळ अक्षरांचे असे, आणि मोडेमची किरकिर संपल्यावर ‘पाइन’ या कार्यक्रमातील पत्रयादी हेच पुष्कळांचे ईमेलचे पहिले दर्शन ठरले.

पत्रे सर्व्हरवर ठेवून दुरून यादी मागवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. ‘पॉप’च्या तिसऱ्या आवृत्तीतील ‘लिस्ट’ ही आज्ञा फक्त क्रमांक आणि पत्राचा आकार सांगते, प्रेषकाचे नावसुद्धा नाही. तेव्हा तिला यादी म्हणणे औदार्याचे होईल. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे रचलेल्या ‘आयमॅप’मध्ये मात्र ‘एन्व्हलप’ मागितले की तारीख, प्रेषक, विषय यांचा सुटसुटीत संच मिळतो, आणि शीर्षभाग ‘पीक’ पद्धतीने मागितल्यास पत्रावर ‘वाचले’ अशी खूण उमटत नाही. येथे क्रमांकांचा एक पेच आहे. आयमॅपमधील अनुक्रमांक हा फोल्डरातील केवळ स्थान दर्शवतो. तिसरे पत्र कायमचे काढून टाकले की चौथे तिसरे होते, आणि जुन्या यादीवर विसंबून ‘चौथे पुसा’ अशी आज्ञा देणारा इसम भलतेच पत्र गमावून बसतो. यासाठी प्रत्येक पत्राला ‘यूआयडी’ नावाचा वेगळा क्रमांक दिलेला असतो व तो, बारनिशीच्या क्रमांकाप्रमाणेच, सहसा दुसऱ्याला मिळत नाही. जे साधन यादीत अनुक्रमांक दाखवते पण यूआयडी दाखवत नाही, ते पाहण्यापुरते ठीक. पुसण्या-हलवण्याच्या कामी त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरा प्रश्न लिपीचा आहे. तो एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात, धबधब्याशेजारी ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी असलेले कपिलधार हे वीरशैव-लिंगायत समाजाचे तीर्थक्षेत्र आहे व कार्तिकी पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. आता या यात्रेसंबंधीचा पत्रव्यवहार कोणी एका फोल्डरात ठेवला असे समजा. ‘कपिलधार’ हा शब्द युनिकोडमध्ये सात चिन्हांचा आणि यूटीएफ-८ पद्धतीत २१ बाइटांचा आहे. परंतु ईमेलचे शीर्ष मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेले असल्यामुळे तो २८ रोमन चिन्हांत बदलून, ओळख पटवणारे वेष्टन धरून, एकूण ४० चिन्हांनी पाठवला जातो. त्या सातही चिन्हांचे रूपांतर ‘४ केएस’ याच त्रयीने सुरू होते. जे साधन हे वेष्टन उलगडत नाही त्याच्या यादीत, म्हणून, सगळे मराठी विषय एकाच घोकंपट्टीसारखे दिसतात.

शिवाय वेष्टनासह अशा एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा आहे. ‘कपिलधार यात्रा’ एवढा विषय ६८ चिन्हांत बसतो; त्यापुढे ‘नियोजन’ शब्द जोडला की दुसरा तुकडा करावा लागतो, आणि दोन तुकड्यांमधली मोकळी जागा गाळण्याचा नियम न पाळणारी साधने शब्दाच्या मध्येच फट पाडतात. उलगडा नीट झाला तरी रकान्यांची अडचण उरते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना क, पि, ल, धा, र अशी पाच अक्षरे दिसत असता काही टर्मिनल वेलांटी आणि काना यांना स्वतंत्र जागा देऊन सात रकाने मोजतात, काही पाचच. साधनाचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळला नाही की त्या ओळीतील पुढचे सर्व रकाने सरकतात. यावर सोपा तोडगा असा की विषय हा रकाना ओळीच्या अखेरीस ठेवावा, म्हणजे चूक झाली तरी ती कोणाच्या पुढे जात नाही.

शीर्षभागात देवनागरी जशीच्या तशी लिहिण्यास २०१२ च्या नियमांनी मान्यता दिली आणि ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ ही डोमेनेही मिळू लागली. तथापि पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही टोकांच्या सर्व्हरांनी हे नियम स्वीकारलेले नसतील तर तसे पत्र पोचत नाही, म्हणून मराठी विषय अद्याप बहुधा जुन्याच वेष्टनातून प्रवास करतात.