तमाखूचीं चित्रपत्रें व त्यांतील उपहास

तमाखूची थट्टा आमच्या पंडितांस नवी नाहीं. पृथ्वीवर सारभूत काय, असें इंद्रानें विचारिलें असतां ब्रह्मदेवानें चारही मुखांनीं ‘तमाखु’ हेंच उत्तर दिलें, अशा अर्थाचा एक श्लोक प्रसिद्ध आहे. त्यांत हंसें होतें तें तमाखूभक्ताचें. पाश्चात्य व्यापाऱ्यांनीं मात्र कोणास हंसावयाचें हें गिऱ्हाईक पाहून ठरविलें, असें आमचें मत आहे.

हीं चित्रपत्रें म्हणजे सिगारेटच्या कागदी पाकिटास ताठपणा यावा म्हणून घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे. अमेरिकेंतील रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर पेढीनें १८८८ मध्यें ‘जगांतील धूम्रपी’ ही ५० चित्रांची माला काढिली. तींत देशोदेशींच्या लोकांचे ठरीव मुखवटे आहेत. विलायतेंत विल्स पेढीनें १९०२ मध्यें ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकांतील व्यंगचित्रें घेतलीं. त्यामुळें तेथील बड्या लोकांचीं व्यंगें सामान्य धूम्रप्याच्या खिशांत आलीं.

हिंदुस्थानांत पेनिन्शुलर टोबॅको कंपनीनें १९०९ मध्यें जी २५ चित्रांची माला काढिली, ती हिंदु देवतांची होती. येथें थट्टेच्या जागीं भक्ति आली. यावरून येथील गिऱ्हाइकास व्यंगाची रुचि नव्हती असें अनुमान कोणी काढील, तर तें चुकेल. त्याच वर्षीं ठाण्याच्या ‘हिंदु पंच’वर ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं केलेली अब्रूनुकसानीची फिर्याद गाजत होती. मराठी उपहास न्यायालयापर्यंत पोहोंचण्याइतका तिखट होता. सबब चित्रपत्र हा गिऱ्हाइकाच्या मनाचा पुरावा नसून विक्रेत्यानें त्याच्याविषयीं बांधलेल्या अटकळीचा पुरावा होय.

हा पुरावा वाचण्यास पत्राची पाठ लागते. पेढीचें नांव व मालेचा क्रमांक बहुधा तेथेंच छापलेला असतो. संग्राहक सुबक मुख वर ठेवून पाठ खळीनें वहींत चिकटवितात व कालनिर्णयाचें साधन गमावितात.

आमच्या विदर्भांत कष्टकऱ्याच्या हातीं सिगारेटपेक्षां विडी अधिक. तिच्या बंडलावरील चित्रचिठ्ठी हें तिकडील चित्रपत्राचेंच भावंड. पण हस्तलिखितें जपणारे आम्ही तिला कचरा समजतों. शाळेंत असतां मुलांनीं अशा चिठ्ठ्या वह्यांत चिकटविल्या, तेव्हां आम्हीं कौतुकच केलें. आज एक वही पिपरी मेघे येथें आमच्यापुढें आहे. चित्रें शाबूत आहेत; पाठी वाचतां येत नाहींत. हा दोष आमचा. वाचकांनीं तरी आपल्या संग्रहांतील चिठ्ठ्या सुट्या ठेवाव्या, ही विनंति.