मिठाचें माप

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर लागतें. केळी आणि हळद यांसाठीं या गांवाची ख्याति आहे. भोंवतालची काळी जमीन धान्य देते, फळें देते, मसालाहि देते. देत नाहीं ती एकच वस्तु, मीठ. समुद्र तेथून शेंकडों मैल दूर. रक्तदाबाच्या रोग्यास ‘मीठ कमी करा’ असें सांगितलें कीं घरोघरीं जी चलबिचल होते, तिचें मूळ या दूरच्या वस्तूच्या इतिहासांत आहे.

आगगाडी येण्यापूर्वीं दख्खनच्या पठारावर मीठ आणीत ते लमाणांचे तांडे. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें त्यांचें वर्णन करून ठेविलें आहे. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ या चार जिनसांपैकीं एकेक जिन्नस एकेका जमातीनें वाहावी, अशी त्यांची वांटणी होती. बैलाच्या पाठीवर इतक्या लांबून आलेली वस्तु कोणी उधळीत नसे. पानांत मीठ आधीं वाढावयाचें आणि खाल्ल्या मिठाला जागावयाचें, ही रीत अशा मुलखांत मनांत खोल रुजली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांतून, नांदेडवरून, मनमाड–हैदराबाद लोहमार्ग गेला. मीठ मालगाडीनें येऊं लागलें, तांड्यांचा व्यापार मोडला. मिठाचा मान मात्र तसाच राहिला.

त्या मानांत १९३० सालानें भर घातली. दांडीस गांधीजींनीं मूठभर मीठ उचललें. वडाळा आणि शिरोडें येथेंहि सत्याग्रह झाले. मीठ हें गरिबाच्या हक्काचें चिन्ह ठरलें. परंतु याच गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत असतां मीठ सोडलें होतें, ही गोष्ट थोड्यांच्याच स्मरणांत असते. कस्तुरबांच्या दुखण्यांत त्यांनीं मीठ आणि डाळी वर्ज्य कराव्या, असें त्यांस वाटलें. कस्तुरबा म्हणाल्या कीं, तें तुम्हांलाहि सुटणार नाहीं. त्याच क्षणीं गांधीजींनीं दोन्ही वस्तु एक वर्षपर्यंत सोडल्या. हा प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें त्यांस स्वतःसच रक्तदाबाचा विकार जडला.

मिठाचा आणि या विकाराचा संबंध वैद्यकास उशिरां कळला. अति मिठाविषयीं चरकसंहितेनें इशारा दिला होता खरा. पण रक्ताचा दाब मोजतां येऊं लागला तो १८९६ त रिवा-रोच्ची या इटालियन वैद्याच्या पट्ट्यामुळें. १९०४ त पॅरिस येथें आंबार आणि बोझार यांनीं रोग्यांचें मीठ कमीजास्त करून दाब उतरतो-चढतो असें दाखविलें. १९४४ त अमेरिकेंत केम्पनर यांनीं केवळ भात, फळें व साखर यांवर रोगी ठेवून दाब उतरविला. १९४९ त मुंबईच्या डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा गुण जगापुढें मांडला. औषधें त्यानंतर पुष्कळ निघालीं. मिठाचा प्रश्न मागें पडला नाहीं. मिठांतील सोडियम शरीरांत पाणी धरून ठेवतें, रक्ताचें आकारमान वाढतें, आणि वाहिन्यांवर ताण पडतो. हा ताण वर्षानुवर्षें सोसून हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडें खचतात. रोग्यास मात्र बहुधा कांहींच जाणवत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाचें माप घालून दिलें आहे तें ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाहि भरूं नये इतकें. त्यांत लोणचें, पापड, फरसाण, पाव हे सर्व धरावयाचे. उपासाचें सैंधव निराळें, ही समजूतहि व्यर्थ आहे. तेंहि बव्हंशीं सोडियमच. तथापि मराठवाड्याच्या जुन्या जेवणांत एक सोय आहे. ज्वारीची भाकरी बहुधा मिठाविना थापली जाते. म्हणजे पोट भरणारें अन्न अळणीच असतें, आणि मीठ राहतें तें कालवणांत व पानाच्या डाव्या बाजूस. तेवढें आवरलें कीं अर्धें काम झालें. अर्धापूरच्या केळ्यांत पोटॅशियम असतें, व तें सोडियमच्या उलट वागून दाबास उतार देतें. मात्र मूत्रपिंडें बिघडलेल्या रोग्यानें वैद्यास विचारल्यावांचून केळीं वा पोटॅशियमयुक्त मीठ वाढवूं नये. आणि मीठ कमी केलें म्हणून चालू औषध कोणींहि आपल्या मनानें बंद करूं नये.

पथ्य मोडतें तें बहुधा पंक्तींत. एकास अळणी आणि इतरांस खारें अशीं दोन पातेलीं चुलीवर फार दिवस टिकत नाहींत. रोगी चार दिवस सोसतो, पांचव्या दिवशीं मुलांच्या ताटांतलें लोणचें मागून घेतो, आणि घरहि प्रेमानें वाढतें. सर्वांच्याच कालवणांतलें मीठ थोडें थोडें उतरवीत नेलें, तर कांहीं आठवड्यांत जिभेस तीच चव पुरते. कस्तुरबांस जें उपदेशानें पटलें नाहीं, तें शेजारच्या पानांतलें मीठ सरल्यावर पटलें. खाल्ल्या मिठाला जागावें हें खरेंच. पण घरांतल्या वडील माणसासाठीं चिमूटभर मीठ सोडणें, हेंहि त्याच मिठाला जागणें होय.