प्रवासी जहाजांवरील मोकळे डेक

प्रवासी जहाजाच्या वरच्या मजल्यांवरील, आकाशाखाली उघडा असलेला व प्रवाशांना फिरण्यास, बसण्यास, ऊन घेण्यास आणि खेळण्यास उपलब्ध करून दिलेला सपाट भाग म्हणजे मोकळा डेक होय. सागरी पर्यटनाच्या जहाजांवर तो प्रवासाचे एक प्रमुख आकर्षण ठरला आहे. मुळात मात्र डेक ही खलाशांच्या कामाची जागा होती. त्यामुळे मोकळ्या डेकच्या इतिहासाला दोन बाजू आहेत : एक, शिडे, यंत्रसामग्री आणि जीवरक्षक नौका यांच्याकडून जागा सोडवून घेण्याची, व दुसरी, ती जागा कोणत्या प्रवाशांना द्यावयाची हे ठरविण्याची.

प्रारंभ : शिडांच्या जहाजांवर डोलकाठ्या, दोरखंड, होड्या व मालाच्या कोठारांची तोंडे यांनी डेक व्यापलेला असे. वाफेची जहाजे आल्यावरही ही स्थिती लगेच पालटली नाही. १८४० मध्ये अटलांटिकवर सुरू झालेल्या क्यूनार्ड कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ या जहाजावर ताज्या दुधासाठी गाय ठेवलेली असे व तिचा गोठा डेकवरच होता. व्हाइट स्टार कंपनीच्या ‘ओशॅनिक’ (१८७१) या जहाजाने मोठा बदल घडवून आणला. त्यात पहिल्या वर्गाच्या खोल्या हादऱ्यांचा त्रास होणाऱ्या मागील भागातून मध्यभागी आणण्यात आल्या आणि डेकच्या कडेच्या भरीव भिंतींऐवजी लोखंडी गजांचे कठडे बसविण्यात आले. लाटेचे पाणी निघून जाण्यास त्यामुळे वाट मिळाली आणि बसल्या जागेवरून समुद्र दिसू लागला. पुढे लांब पाठीच्या आरामखुर्च्या, पायांवर घेण्याची लोकरी पांघरुणे आणि सकाळी अकराच्या सुमारास मिळणारे गरम सूप हा अटलांटिकवरील डेकजीवनाचा ठराविक क्रम झाला. दोरखंडाच्या कड्या फेकण्याचे खेळ, शफलबोर्ड व डेक-टेनिस हे खेळ मर्यादित जागा व समुद्रात पडणारा चेंडू या दोन अडचणींतून रूढ झाले. भारतात खेळला जाणारा टेनिकॉइट हा रबरी कडीचा खेळ याच डेक-टेनिसशी संबंधित आहे.

उष्ण कटिबंधातील मार्ग : अटलांटिकवर प्रवासी ऊन शोधत, तर पूर्वेकडील मार्गांवर ते सावली शोधत. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतर मुंबईकडे येणारी जहाजे तांबड्या समुद्रातून जाऊ लागली. वातानुकूलनापूर्वीच्या काळात तेथे खोल्यांत झोपणे असह्य होई. म्हणून डेकवर जाड कापडाची छते ताणली जात व रात्री अंथरुणे वर आणून प्रवासी उघड्यावर निजत. पी. अँड ओ. कंपनीने १९३१ मध्ये ‘स्ट्रॅथनेव्हर’ हे जहाज काढले. त्याचा बाह्यभाग पांढऱ्या रंगाने रंगविलेला होता. सूर्याची उष्णता परावर्तित करण्यास हा रंग उपयुक्त ठरला आणि कंपनीच्या पुढील जहाजांनीही तो स्वीकारला. डेकवरील तक्तपोशीसाठी सागवानाला पसंती मिळाली, तीही हवामानामुळेच. कारण हे लाकूड खाऱ्या पाण्यात टिकते, ओले झाल्यावर फारसे निसरडे होत नाही व पोलादी पत्र्याच्या मानाने कमी तापते.

पर्यटन-जहाजाचा उदय : हॅम्बुर्ग–अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालीन यांनी जानेवारी १८९१ मध्ये, हिवाळ्यात प्रवाशांअभावी ओस पडणारे ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठविले. सहल यशस्वी झाली. परंतु उत्तर अटलांटिकच्या थंड वाऱ्यासाठी बांधलेले जहाज उबदार समुद्रात विहार करण्यास सोयीचे नाही, हेही दिसून आले. म्हणून १९०० मध्ये ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ हे केवळ सहलींसाठी योजलेले जहाज बांधण्यात आले. त्यात एकच, म्हणजे पहिला, वर्ग होता व त्याची रचना मोठ्या विहारनौकेसारखी होती. डिसेंबर १९०६ मध्ये ते जमेकाच्या किनाऱ्यावर खडकांत रुतून निकामी झाले. परंतु त्याने घालून दिलेला नमुना टिकून राहिला.

वर्गभेद व सुरक्षितता : नियमित वाहतुकीच्या जहाजांवर डेकची वाटणी तिकिटानुसार होई. ‘टायटॅनिक’ (१९१२) या जहाजावर नौका-डेकचा मधला भाग पहिल्या वर्गाकडे व मागील भाग दुसऱ्या वर्गाकडे होता. तिसऱ्या वर्गातील प्रवाशांना मालाच्या याऱ्या असलेले खालचे खोलगट डेक आणि जहाजाच्या अगदी मागच्या टोकावरील डेक एवढीच जागा होती. या जहाजावर २० जीवरक्षक नौका होत्या व त्यांत १,१७८ माणसे मावू शकत. प्रत्यक्षात जहाजावर २,२०० हून अधिक माणसे होती. जहाजाच्या टनभारावर आधारलेला तत्कालीन नियम एवढ्या नौकांनी पुरा होत होता. या अपघातानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जहाजावरील प्रत्येकासाठी नौकेत जागा असावी, हे तत्त्व मान्य झाले. त्यामुळे नौकांची संख्या वाढली व वरच्या डेकवरील फिरण्याची जागा आक्रसली.

डेक-प्रवासी : ‘डेक’ या शब्दाला भारतीय किनाऱ्यावर वेगळाच अर्थ होता. मुंबईहून कोकण व गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटींत डेकचे तिकीट हे सर्वांत स्वस्त तिकीट असे. वळकटी पसरून, सामानाच्या आडोशाने रात्र काढणाऱ्या चाकरमान्याच्या दृष्टीने डेक हे विरंगुळ्याचे स्थान नसून राहण्याचेच ठिकाण होते. मुंबईहून जिद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंपैकी अनेकांचा प्रवासही असाच होई. ही जलवाहतूक १९९५ पर्यंत चालू होती. अशा प्रवाशांना किमान किती जागा, पाणी व सावली द्यावी, हे ठरविण्यासाठी १९३१ मध्ये ‘सिमला नियम’ तयार झाले. त्यांची जागा पुढे १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने व जागेच्या आवश्यकतेसंबंधीच्या १९७३ च्या पूरक कराराने घेतली. म्हणजे ज्या काळात एका प्रकारच्या जहाजावर टेनिसच्या मैदानासाठी डेक मोकळा केला जात होता, त्याच काळात दुसऱ्या प्रकारच्या जहाजावर माणसाला आडवे होण्यापुरता डेक कायद्याने मिळवून द्यावा लागत होता.

डेकची पुनर्रचना : १९२० नंतर ऊन अंगावर घेणे आरोग्याला हितकर मानले जाऊ लागले आणि उघड्या जलतरण तलावांना महत्त्व आले. इटलीच्या ‘रोमा’ (१९२६) या जहाजावर असा तलाव होता, तर ‘रेक्स’ (१९३२) वर तलावाभोवती वाळू पसरून किनाऱ्याचा आभास निर्माण केला होता. व्हेनिसजवळील लीडो या पुळणीच्या नावावरून अशा भागास ‘लीडो डेक’ म्हणण्याची प्रथा पडली. फ्रान्सच्या ‘नॉर्मंडी’ (१९३५) या जहाजात वायुवीजनाची यंत्रे व इतर अडगळ डेकखाली नेऊन वरचा पृष्ठभाग जवळजवळ निर्वेध करण्यात आला. ‘कॅनबरा’ (१९६१) या जहाजाने पुढचे पाऊल टाकले : यंत्रे व धुराडी मागील टोकाकडे नेली, वरचा बांधा ॲल्युमिनियमचा केला आणि जीवरक्षक नौका नेहमीपेक्षा तीन मजले खाली बसविल्या. सुरक्षितता व विरंगुळा यांतील १९१४ पासूनचा जागेचा झगडा अशा प्रकारे बऱ्याच अंशी मिटला. ‘ओशॅनिक’ हेच नाव असलेल्या, परंतु दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर १९६५ मध्ये तलावांवर सरकते काचेचे छत बसविण्यात आले.

अशा रचनांना भौतिक मर्यादा असतात. १० मी. लांब, ५ मी. रुंद व १·५ मी. खोल तलावातील समुद्राच्या पाण्याचे वजन सु. ७७ टन भरते. एवढे वजन उंचावर आल्याने जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो, शिवाय डोलणाऱ्या जहाजात हे पाणी एका बाजूस धावून अस्थैर्य वाढविते. म्हणून तलावाचे आकारमान मर्यादित ठेवतात व वादळी हवेत तो रिकामा करतात. जहाज ताशी २० सागरी मैल (सु. ३७ किमी.) वेगाने जात असता, हवा शांत असली तरी डेकवर तेवढ्याच वेगाचा वारा समोरून येतो; तो अडविण्यासाठी काचेचे उंच पडदे लावतात व बसण्याच्या जागा बांध्याच्या आडोशास ठेवतात. काठावरील कठडा किमान १ मी. उंच असावा, असा आंतरराष्ट्रीय भाररेषा कराराचा (१९६६) सर्वसाधारण नियम आहे.

विमानयुगानंतर : ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाल्यावर जहाज हे केवळ पोहोचण्याचे साधन राहिले नाही. कॅरिबियन समुद्रासाठी बांधलेल्या ‘साँग ऑफ नॉर्वे’ (१९७०) सारख्या जहाजांत तलाव व त्याभोवतीचा विस्तीर्ण डेक हाच मध्यबिंदू धरून रचना केलेली होती. ‘रॉयल प्रिन्सेस’ (१९८४) या जहाजात सर्व खोल्या बाहेरच्या बाजूस होत्या व अनेक खोल्यांना स्वतंत्र सज्जे होते. सज्जांमुळे मोकळ्या हवेचे खासगीकरण सुरू झाले. त्याचबरोबर जहाजाला वळसा घालून फिरण्याच्या जुन्या डेकची जागा अनेक जहाजांत कमी झाली. ‘सेलेब्रिटी सॉल्स्टिस’ (२००८) वर खरी हिरवळ लावण्यात आली. ‘ओएसिस ऑफ द सीज’ (२००९) या जहाजात वरचा बांधा दोन भागांत विभागून मध्ये सु. १२,००० झाडाझुडपांचे उघडे उद्यान केले आहे. तेथील सज्जे समुद्राकडे नव्हे, तर उद्यानाकडे तोंड करून आहेत.

जुने वर्ग नावाने नाहीसे झाले असले, तरी वाटणीचे तत्त्व पुन्हा डोके वर काढताना दिसते. ‘एमएससी फँटेसिया’ (२००८) वर जादा भाडे देणाऱ्यांसाठी स्वतंत्र तलाव व ऊन घेण्याचा राखीव डेक ठेवण्यात आला आणि इतर कंपन्यांनीही असे विभाग सुरू केले. मुंबई–गोवा मार्गावर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही जलतरण तलाव असलेली पर्यटन-नौका सुरू झाली. ज्या किनाऱ्याने डेक-प्रवासी वळकटी उशाशी घेऊन जात, त्याच किनाऱ्याने पर्यटक डेकसाठी प्रवास करू लागले. जहाज कितीही मोठे झाले, तरी त्यावरील उघडी जागा मोजकीच असते. म्हणून तिची आखणी हा जसा स्थापत्याचा व स्थैर्याचा, तसाच न्याय्य वाटपाचाही प्रश्न ठरतो.