घराच्या सोडतीची कुळकथा

विलायतेतील वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून अलीकडे एक जाहिरात वारंवार झळकत असते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचे नाहीतर एखाद्या सरोवराकाठचे, वीस-तीस लाख पौंड किमतीचे सुसज्ज घर, आणि ते मिळविण्यासाठी मोजावयाचे अवघे दहा-वीस पौंड! अशा सोडतीत भाग घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न तेथे स्थायिक झालेली आपली मंडळीही एकमेकांना विचारतात, आणि विचारणाराला बहुधा संभाव्यतेचे गणित ऐकवून वाटेस लावले जाते. ते गणित खोटे नाही. परंतु त्यात घर घेणाराचाच विचार असतो, देणाराचा नसतो. ज्याच्या मालकीचे घर आहे तो ते एका सधन गिऱ्हाइकाला विकून मोकळा होण्याऐवजी लक्षावधी अनोळखी माणसांना चिमूटचिमूट का विकू पाहतो, हे एकदा उमगले म्हणजे तिकिटाचे मोल ठरविणे फारसे अवघड राहत नाही. आणि ते उमगण्यासाठी या प्रथेचे कूळ शोधणे प्राप्त होते.

खासगी लॉटऱ्यांचा इंग्लंडात इतका सुळसुळाट झाला होता की १६९९ साली पार्लमेंटने त्यांना सार्वजनिक उपद्रव ठरवून मज्जाव केला. तरीही पळवाटा निघतच राहिल्या, आणि म्हणून १७३९ च्या कायद्यात घरे, जमिनी, चांदीची भांडी, जडजवाहीर, जहाजे अशा वस्तूंची नावनिशीवार यादी देऊन त्या सोडतीने विकणाऱ्यास दोनशे पौंड दंड फर्मावण्यात आला. सरकार ज्या गोष्टीची अशी नाव घेऊन बंदी करते ती गोष्ट त्या काळी सर्रास चालत असली पाहिजे, असे समजण्यास हरकत नाही. त्यापुढे ज्याला आपली मिळकत सोडतीत काढावयाची असेल त्याला खुद्द पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि अर्थातच ती पोच असामान्य माणसांनाच असे.

अशा असामान्य माणसांत अग्रगण्य म्हणजे अ‍ॅडम बंधू. रॉबर्ट अ‍ॅडम हा त्या काळचा सर्वांत नामांकित वास्तुविशारद. त्याने व त्याच्या भावांनी १७६८ साली टेम्स नदीकाठची डरहॅम यार्ड नावाची उतरती, ओसाड झालेली जागा सेंट ऑल्बन्सच्या ड्यूकाकडून नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतली, नदीच्या बाजूने प्रचंड कमानी उभारून जमीन उंचावली आणि त्या कमानींवर उच्चभ्रू लोकांसाठी घरांची देखणी रांग बांधावयास घेतली. भावाभावांचा उद्योग म्हणून वस्तीला ग्रीक भाषेतून अ‍ॅडेल्फी हे नाव दिले. स्कॉटलंडाहून आणलेले मजूर बॅगपाइपच्या सुरावर काम करीत, अशीही एक आख्यायिका आहे. घरांखालची तळघरे सरकार दारूगोळा साठविण्यासाठी भाड्याने घेईल आणि त्या भाड्यावर सारा डोलारा तरेल, असा बांधणारांचा हिशेब होता. परंतु भरतीच्या वेळी नदीचे पाणी तळघरांत शिरू लागले आणि सरकारने अंग काढून घेतले. तशातच जून १७७२ मध्ये अलेक्झांडर फोर्डाइस हा सट्टेबाज ज्या पेढीत भागीदार होता तिचे दिवाळे निघाले, लंडन-एडिंबरोची पत कोलमडली, आणि अर्धवट बांधलेली घरे, चढलेले व्याज व बेकार झालेले हजारो मजूर अशा पेचात अ‍ॅडम बंधू सापडले. बाजारात घरांना गिऱ्हाईक नव्हते. जे होते ते पडेल भावाचे होते.

तेव्हा १७७३ साली त्यांनी पार्लमेंटकडून सोडतीचा कायदा करून घेतला. तिकिटे ४,३७०, दर तिकिटास पन्नास पौंड, म्हणजे एकूण रक्कम २,१८,५०० पौंड. आणि बक्षिसे १०८. कुशल कारागिराची जवळजवळ वर्षभराची कमाई एका तिकिटात जाई, यावरून हा खेळ कोणत्या थरातील लोकांसाठी होता हे ध्यानात येते. मार्च १७७४ मध्ये सोडत निघाली, बंधूंची अब्रू वाचली, आणि चार हजारांवर तिकिटे फोल ठरली. या साऱ्या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते असे की, जी घरे बाजार त्या किमतीस घेत नव्हता त्या घरांची किंमत हजारो लोकांच्या आशेवर वाटून वसूल करण्यात आली. घराच्या सोडतीचा मूळपुरुष हा असा कर्जबाजारी घरधनी आहे, आणि त्याच्या वंशजांच्या चेहऱ्यात ती खूण आजवर टिकून आहे.

योगायोग असा की रॉबर्ट अ‍ॅडमच्याच कर्कॉल्डी गावचा आणि त्याच्याच पिढीतला दुसरा एक सुपुत्र, अ‍ॅडम स्मिथ, याने दोनच वर्षांनी, १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात सोडतीवर अभिप्राय नोंदविला. जो सर्वच्या सर्व तिकिटे घेईल त्याचा तोटा निश्चित, आणि जो जितकी अधिक घेईल तो त्या निश्चिततेच्या तितका निकट जातो, असे त्याचे प्रतिपादन. याची प्रचिती दहा वर्षांत आली, परंतु मोठ्या गमतीने. सर ॲश्टन लीव्हर या सरदाराने पक्षी, शंखशिंपले आणि कॅप्टन कुकच्या सफरींतून आलेल्या वस्तू यांचा अफाट संग्रह लंडनच्या लेस्टर हाउसमध्ये मांडला होता. खर्चाखाली तो दबला तेव्हा त्यानेही सोडतीचा कायदा मिळविला आणि एकेक गिनीची ३६,००० तिकिटे काढली. खपली आठ हजार. उरलेली २८,००० त्याच्याचकडे राहिली, म्हणजे संग्रह त्यालाच परत मिळण्याची शक्यता नवांत सात इतकी होती. तथापि १७८६ मध्ये चिठ्ठी निघाली ती जेम्स पार्किन्सन नामक गृहस्थाच्या नावाची, ज्याच्याजवळ तिकिटे होती केवळ दोन! सोडतीचे चालक अशाच कथा पदरी बाळगून असतात. आठ हजार तिकिटे घेणाऱ्या इतरांची कथा कोणी लिहून ठेवली नाही.

कंपनी सरकारच्या बरोबर ही रीत हिंदुस्थानातही आली. कलकत्त्यात एडवर्ड तिरेत्ता या इटालियन गृहस्थाने वसविलेला बाजार अठराव्या शतकाच्या अखेरीस, मालक कर्जात बुडाल्यावर, सोडतीतूनच चार्ल्स वेस्टन याच्या हाती गेला. त्या शहराचा टाउन हॉल तर लॉटरीच्याच पैशावर उभा राहिला, आणि १८१७ पासून पुढे कित्येक वर्षे रस्ते व तलाव यांचे काम पाहणाऱ्या समितीला लॉटरी कमिटी असेच म्हणत. मात्र इंग्लंडात १८२६ नंतर सरकारी सोडत बंद झाली, आणि पुढे १८७० च्या सुमारास आपल्या दंडसंहितेतही अनधिकृत लॉटरीचे कार्यालय चालविणे हा गुन्हा म्हणून दाखल झाला.

कूळ तेथे खुंटावयाचे, परंतु त्याला एक अनपेक्षित फांदी फुटली. एडिंबरो आणि लंडन येथे १८३४-३७ च्या सुमारास चित्रकलेच्या प्रसारासाठी मंडळे निघाली. सभासदांच्या वर्गणीतून चित्रे विकत घेऊन ती सभासदांतच चिठ्ठ्या टाकून वाटावयाची, आणि १८४६ च्या कायद्याने अशा आर्ट युनियनांना अभय मिळाले. ऑस्ट्रेलियात ही सवलत पोहोचली, चित्रे हळूहळू मागे पडली, आणि नाव तेवढे राहून क्वीन्सलँडमध्ये माजी सैनिकांच्या, अनाथ मुलांच्या व रुग्णालयांच्या मदतीसाठी सागरकिनाऱ्यावरची घरे आर्ट युनियनच्या तिकिटावर वाटली जाऊ लागली. येथे घरधनी कर्जबाजारी नव्हता, एक धर्मादाय संस्था होती. कुळाला लाभलेला हा दत्तक म्हणावा लागेल, आणि तो सद्गुणी निघाला.

आजच्या ब्रिटनमध्ये दोन्ही शाखा एकत्र नांदत आहेत. २००५ च्या जुगारविषयक कायद्याने खासगी माणसाला नफ्यासाठी लॉटरी काढण्याची मुभा नाही. पण टपालाने विनामूल्य प्रवेश ठेवला, किंवा बऱ्याच लोकांना अडवील इतके कठीण कौशल्य मागितले, की तो व्यवहार लॉटरी राहत नाही, विनामूल्य सोडत किंवा बक्षीस-स्पर्धा होतो. कौशल्याचा हा बुरखा आपल्याकडेही ओढून झाला आहे. मुंबई राज्यात खपणाऱ्या शब्दकोड्यांच्या बक्षिसांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५७ साली न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात त्यांना जुगाराच्याच पंक्तीस बसविले. विलायतेत मात्र २००८ च्या मंदीत, घरे पडून राहिली तेव्हा, अनेक घरधन्यांनी हा मार्ग चोखाळला. त्यांत बहुतेकांची तिकिटे खपली नाहीत, आणि घराऐवजी जमलेल्या पैशातून जाहिरातीचा व व्यवस्थेचा खर्च वजा जाता उरेल ते रोख बक्षीस, असा शेवट झाला. यशस्वी उदाहरणही आहे: लँकशायरमधील मेलिंग गावचे सुमारे साडेआठ लाख पौंडांचे जुने घर २०१७ मध्ये दोन पौंडांच्या सुमारे पाच लाख तिकिटांवर गेले. म्हणजे दोन पौंडांच्या तिकिटाची आतली किंमत एक पौंड सत्तर पेन्स. राष्ट्रीय लॉटरी तिकिटाच्या पैशापैकी निम्म्याहून थोडेसेच अधिक बक्षिसांत परत देते, तिच्याशी ताडून पाहता हा सौदा वाईट म्हणता येत नाही.

माझे मत तेव्हा एवढेच की, तिकिटांची संख्या आधी बांधलेली आहे काय, आणि ती न खपल्यास घर देण्याचे बंधन चालकावर आहे काय, या दोन कलमांपाशी वाचकाने थांबावे. पहिले नसेल तर आपला वाटा किती, हे खुद्द चालकालाही सांगता येणार नाही. दुसरे नसेल तर आपण घराच्या सोडतीत नसून घरधन्याच्या अडचणीत भागीदार आहोत. २०२० पासून ब्रिटनमध्ये ओमेझसारख्या मोठ्या चालकांनी घर नक्की मिळेल अशी हमी देण्यास आरंभ केला आणि दुसरा आक्षेप मिटविला; पहिला मात्र तसाच आहे, कारण तेथे तिकिटांना मर्यादा नाही. अशा ठिकाणी ज्या धर्मादाय संस्थेच्या नावाने सोडत निघते तिला आपण एरवीही देणगी दिली असती काय, एवढे स्वतःस विचारून दहा पौंड खर्चावे किंवा टपालाचा विनामूल्य अर्ज पाठवावा.

मुंबईकरास सोडत म्हटले की म्हाडा आठवते, आणि तेथे हे कूळ पार उलटे होते. घर गरजू घरधन्याचे नसते, सार्वजनिक मंडळाचे असते. अर्जदाराला उत्पन्नगटाच्या अटीत बसावे लागते. अनामत रक्कम ज्याचे नाव निघत नाही त्याला परत मिळते, आणि ज्याचे निघते त्याला घर फुकट नव्हे तर नेमलेल्या किमतीस मिळते. बँकेच्या दारात कर्जासाठी उभे राहिल्यावर ती किंमत न झेपल्यामुळे घर परत करणारे विजेतेही तेथे दरवर्षी निघतात.