फळीला तोंड हवे की नको?

परतवाड्याच्या गच्चीवर संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला वाऱ्याची ओढ सांगावी लागत नाही. चक्री हातातून सुटू पाहते, दोरा बोट कापतो, आणि एवढासा कागद हात खांद्यापासून खेचतो. त्याच ओढीवर माणूस पाण्यातून ओढून नेण्याचा खेळ म्हणजे काइटसर्फिंग. समुद्र इथून शेकडो कोस दूर. तरीही या खेळातल्या एका प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवले : पायाखालच्या फळीला पुढचे-मागचे टोक असावे, की दोन्ही टोके सारखी असावीत? प्रश्न खेळाडूंचा वाटतो, पण त्याचा इतिहास फार जुना आहे.

1742 साली जॉर्ज अ‍ॅन्सनचे ‘सेंच्युरियन’ जहाज पॅसिफिकमधल्या तिनियान बेटावर थांबले. तिथल्या शिडाच्या होड्या पाहून इंग्रज चकित झाले. होडीच्या एकाच अंगाला तोल सांभाळणारे लाकूड, आपल्या कोकणात जिला उलांडी म्हणतात ती, बांधलेले होते. ही उलांडी नेहमी वाऱ्याकडच्या बाजूलाच राहायला हवी. म्हणून दिशा बदलताना होडी वळत नसे. शीड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेले जाई आणि मागचे टोक पुढचे होई. श्रीलंकेची ‘ओरू’ होडीही याच रीतीने चाले. म्हणजे दोन सारख्या टोकांची रचना ही आळसातून किंवा हौसेतून आलेली नाही. वारा एका अंगाने येतो आणि आपल्याला जाऊन परत यायचे असते, या गरजेतून ती आली.

लाटेवरच्या फळीचा इतिहास वेगळ्या गरजेतून घडला. 1779 मध्ये कुकच्या मोहिमेतला लेफ्टनंट जेम्स किंग याने हवाईच्या किनाऱ्यावर लोकांना फळ्यांवरून लाटा चढता-उतरताना पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. तिथे ‘अलाया’ ही पातळ, आखूड फळी कोआच्या लाकडाची असे, आणि सरदार-घराण्यांची लांबलचक ‘ओलो’ विलिविलीच्या हलक्या लाकडाची. विलिविली हे आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतले झाड. सागाच्या गावात राहणाऱ्याला यातले शहाणपण लगेच कळते. सागाचा घनमीटर साधारण साडेसहाशे किलो भरतो. तो दाराला, तुळईला उत्तम. तरंगून पळायचे तर लाकूड वेगळे लागते.

या फळ्यांना खाली पर नव्हते, त्यामुळे त्या तिरप्या लाटेवर घसरत. 1935 मध्ये टॉम ब्लेकने वायकिकीला फळीच्या शेपटीखाली पर, म्हणजे फिन, बसवला आणि फळीला पक्के मागचे टोक मिळाले. पुढे बाल्सा आला आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेन फोम. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन परांची फळी वापरून मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि ती मांडणी जगभर रूढ झाली.

पतंगाची कथा यांना उशिरा येऊन मिळते. 1903 मध्ये सॅम्युअल कोडीने पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली होती. पण पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठत नसे, ही खरी अडचण. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी 1984 मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले आणि 1997 मध्ये तो बाजारात आणला. सुरुवातीच्या लोकांनी हाताशी होत्या त्या सर्फच्या, विंडसर्फिंगच्या फळ्या घेतल्या, म्हणजे तोंड असलेल्या. पण परत फिरताना दर वेळी पाय बदलावे लागत, नवशिका तिथेच पडे. काही वर्षांतच दोन्ही टोके सारखी असलेली ‘ट्विन-टिप’ सर्वत्र झाली. तिनियानची युक्ती पुन्हा सापडली म्हणायची.

मग लाटांवर जाणारे लोक तोंडाच्या फळीकडे का परतले? कारण ओढ बदलते. सपाट पाण्यात सगळा जोर पतंगाचा असतो. फळीने कडेवर रेलून त्याला विरोध करायचा. लाटेवर जोर लाट देते, दोर सैल पडतो. तेव्हा फळीने स्वतः घसरायचे, मागच्या पायाच्या दाबाने शेपटीवर वळायचे. ट्विन-टिपला शेपटीच नाही, मग ती वळणार कशावर?

आता निवड. पतंगाचा आधार असल्याने हाताने वल्हवणाऱ्या सर्फरपेक्षा इथे कमी तरंगशक्ती पुरते : पंचाहत्तर किलोच्या माणसाला साधारण साडेपाच ते सहा फूट लांबीची, वीस ते सव्वीस लिटरची फळी. लाटा उंच आणि उभ्या असतील तर नाकाकडे जास्त उचललेली, अरुंद शेपटीची. गोव्यात मोरजीसारख्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून, तिरपा किनाऱ्याकडे येतो. लाटा बहुधा लहान आणि विस्कटलेल्या. तिथे रुंद, सपाट तळाची, थोडी जास्त लिटरची फळी बरी. मोठ्या लाटांच्या देशातली नामांकित फळी इथे बुडाल्यासारखी चालते. साधी सर्फची फळी टाचांच्या धक्क्याने दबते, म्हणून पायाखाली जास्त काचतंतूचा थर हवा. त्याने वजन वाढते, ते सोसावे. पायपट्टे उडी मारणाऱ्याला उपयोगी. लाटेवर पाय सरकवायचे तर ते नसलेलेच बरे. आणि पावसाळ्यात वारा कितीही मोहात पाडो, तो समुद्र फळी निवडण्याचा नव्हे.

या साऱ्या इतिहासात एक फळी दुसरीला कायमची हरवत नाही. 1742 ची होडी मागासलेली नव्हती, आणि ट्विन-टिप ही तोंडाच्या फळीची पुढची पायरी नाही. ‘नवे ते पुढचे’ असे धरून लिहिलेला इतिहास इथे अडखळतो. जोर कुठून येतो आणि परत कसे फिरायचे, एवढेच रचना ठरवते.

मेळघाटच्या पायथ्याशी आमच्याकडे लाकूड घ्यायला गेले, की आरागिरणीवाला कोणते लाकूड हवे ते आधी विचारत नाही. तो विचारतो, “कायले पायजे?”