सिंगची नाट्यभाषा
जॉन मिलिंग्टन सिंग (१८७१–१९०९) याचे नाव १९०७ साली डब्लिनच्या अ‍ॅबी नाट्यगृहात 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' या नाटकावरून उसळलेल्या दंगलीशी निगडित झाले आहे. त्याच्या पात्रांची बोली कृत्रिम आहे, असाही आक्षेप घेतला गेला. तथापि 'आफ्टर' या शब्दाने नुकत्याच घडलेल्या क्रियेचा बोध करून देणे, महत्त्वाचे पद 'इट इज'च्या आधाराने वाक्यारंभी आणणे, हे प्रयोग आयरिश भाषेच्या प्रभावाने ग्रामीण इंग्रजीत रूढ झालेलेच होते. १८९८ पासून अ‍ॅरन बेटांवर राहून सिंगने ती मूळ भाषाही जवळून ऐकली होती. त्याने या रचना निर्माण केल्या नाहीत; त्यांची दाटी मात्र केली. व्याकरण लोकांचे, प्रमाण नाटककाराचे, असाच निर्णय करावा लागतो. ज्या इंग्रजीने आयरिशला मागे सारले, तिच्यातच आयरिशचा वाक्यविन्यास त्याने प्रतिष्ठित केला. वाङ्मयेतिहासातील त्याचे स्थान दंगलीवरून नव्हे, तर यावरून ठरावे.