नियमावर अधिकार कोणाचा? : ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’ आणि घरच्या नियमांचा इतिहास

प्रास्ताविक

ग्रंथातील नियम आणि प्रत्यक्ष आचार यांतील अंतर हा इतिहासलेखनातील जुना प्रश्न आहे. स्मृतिग्रंथांच्या आधारे समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या अभ्यासकांना शास्त्रापेक्षा रूढी बलवत्तर असल्याचा प्रत्यय वारंवार आलेला आहे. हाच प्रश्न एका सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जन्मलेल्या भूमिकाखेळांच्या क्षेत्रात कसा उभा राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात एका जादूई वस्तूच्या अनुषंगाने करावयाचा आहे. विषय वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. तथापि नियम करण्याचा अधिकार लेखकाचा, प्रकाशकाचा की खेळणाऱ्यांचा, हा त्यातील मुद्दा पोरखेळाचा नाही.

खेळाची घडण

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावे टॅक्टिकल स्टडीज रूल्स या छोट्या संस्थेने विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथून प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन पुस्तिका असे त्याचे स्वरूप होते व पहिली आवृत्ती सुमारे १,००० प्रतींची होती. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, आणि ‘डन्जन मास्टर’ नावाचा सूत्रधार प्रसंग मांडून न्यायनिवाडा करतो. पुस्तिकांतील नियम अपुरे आणि ठिकठिकाणी संदिग्ध होते. लेखकांनीही ते मार्गदर्शक म्हणूनच पुढे ठेवले होते व उरलेले खेळणाऱ्यांनी स्वतः रचावे असे सुचवले होते. मेंढीकोटाच्या डावाला बसताना ‘तुमच्याकडे कसे खेळतात?’ असे आपण आधी विचारून घेतो, तशीच काहीशी ही स्थिती होती. फरक एवढाच की येथे ती मोकळीक खुद्द कर्त्यांनी छापून दिली होती.

पत्त्यांचा संच

१९७५ मध्ये गायगॅक्स आणि रॉबर्ट कुंट्झ यांची ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी आली. ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’ ही वस्तू या पुरवणीत आढळते. मूळ संच १८ पत्त्यांचा होता. नेहमीच्या पत्त्यांतील चारही रंगांचे एक्का, राजा, राणी व गुलाम मिळून १६ आणि २ जोकर. म्हणजे कोणत्याही घरातील पत्त्यांचा जोड पुरेसा होता. वेगळे साहित्य लागत नव्हते. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये संच १३ किंवा २२ पत्त्यांचा झाला आणि पत्त्यांना सूर्य, चंद्र, सिंहासन, कवटी अशा अर्थाची नावे मिळाली. टॅरोमधील प्रमुख पत्तेही २२ च असतात, हे येथे नमूद करावे.

या संचाचे वैशिष्ट्य असे की, एका पत्त्याने पात्राचे भाग्य उजळते, तर दुसऱ्याने त्याचा सर्वनाश होतो. ‘मून’ इच्छापूर्ती देतो; ‘रुइन’ सर्व संपत्ती हिरावतो; ‘व्हॉइड’ आत्मा दूर कोठेतरी बंदिस्त करतो; ‘डॉन्जन’ पात्रालाच कोंडून टाकतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील नियमांनुसार किती पत्ते काढणार हे आधी सांगावे लागते आणि बहुतेक पत्ते काढल्यानंतर पुन्हा संचात परततात. आता २२ पत्त्यांच्या संचातून तीन पत्ते काढले, तर ‘व्हॉइड’ किंवा ‘डॉन्जन’ यांपैकी निदान एक येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के ठरते. १३ पत्त्यांच्या संचात ‘डॉन्जन’ नाही. पण तेथे एकट्या ‘व्हॉइड’ची शक्यता २१ टक्क्यांवर जाते. दोन-दोन वर्षे जोपासलेले पात्र चारांपैकी एका वेळी असे गमवावे लागणार असेल, तर छापील नियम जसाच्या तसा पाळला जाणे कठीणच होते.

म्हणून घरचे नियम आले. कोठे ‘व्हॉइड’ काढून ठेवतात, कोठे एका पात्राला एकच पत्ता ओढू देतात, कोठे हा संच दीर्घ कथानकाच्या अखेरीसच समोर आणतात. काढलेला पत्ता कायमचा बाद करावा, हाही एक परिचित नियम आहे, आणि तो जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यामुळे धोका घटतो असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुतः एकाच खेळाडूने लागोपाठ तीन पत्ते काढले, तर वरील २५ टक्क्यांची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे किंचित वाढतेच. मात्र एक आपत्ती संपूर्ण मंडळीत एकदाच कोसळू शकते. व्यक्तीला नव्हे, तर मंडळीला सांभाळणारा हा नियम आहे. तो करणाऱ्यांनी गणित मांडले असो वा नसो.

प्रमाण नियम आणि प्रतिकार

घरच्या नियमांना लवकरच स्वतःची प्रसारसाधने लाभली. ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ सुरू केले. सहभागी मंडळी आपापली पाने पाठवीत व ती एकत्र बांधून सर्वांना टपालाने जात. अशा पानांतून एका टेबलावरचा नियम दुसऱ्या शहरात पोहोचला. डेव्ह हारग्रेव्ह यांचा ‘अर्डुइन ग्रिमॉयर’ (१९७७) तर घरच्या नियमांतूनच ग्रंथरूप पावला.

याच सुमारास प्रकाशकाची भूमिका पालटली. १९७७ ते १९७९ या काळात आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेत गायगॅक्स यांनी एकरूपतेचा आग्रह धरला. स्पर्धांसाठी सर्वत्र समान नियम हवेत, हे कारण खरे होते. पण ते एकमेव नव्हते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा स्वतंत्र खेळ मानावा की जुन्याचाच विस्तार, यावर आर्नेसन यांचे मानधन अवलंबून होते. त्यांनी १९७९ मध्ये दावा दाखल केला व १९८१ मध्ये तडजोड झाली. एकरूपतेच्या आग्रहाकडे पाहताना हा व्यवहार नजरेआड करणे योग्य होणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विशेष म्हणजे, प्रस्तावनेत एकरूपता सांगणारा १९७९ चा तोच ग्रंथ समारोपात मात्र नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाचा आशय मोठा मानतो. ही विसंगती गायगॅक्स यांनी मिटवली नाही, आणि पुढे ते कंपनीबाहेर पडले.

पुढील घटना थोडक्यात सांगता येतात. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने टी.एस.आर. विकत घेतली व १९९९ मध्ये हॅस्ब्रोने विझार्ड्सला. २००० मध्ये खुल्या परवान्याखाली इतरांनाही नियमांवर आधारित लेखन प्रसिद्ध करता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा प्रयत्न खेळाडूंच्या तीव्र विरोधामुळे मागे घ्यावा लागला आणि मूळ नियमसंहिता क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली करण्यात आली. त्याच वर्षी ‘द बुक ऑफ मेनी थिंग्ज’ हा ग्रंथ आला. त्यासोबतच्या संचात ६६ पत्ते आहेत; उत्पादनातील दोषांमुळे छापील संच बाजारात येण्यास जानेवारी २०२४ उजाडले. १९७५ साली घरातल्या जुन्या जोडावर खेळला जाणारा प्रकार आता सचित्र, अधिकृत पत्त्यांसह विकत मिळतो. त्यातला ‘व्हॉइड’ पिसण्यापूर्वी बाजूला काढून ठेवायला अर्थातच क्षणभरही लागत नाही.